सापाच्या रंगाचा हिशोब



तिथीच्या दिवशी हिरवी भाजी नसताना काय करायचं यावर लिहा, असे बरेच निरोप आलेत. ते पुढच्या वेळी नक्की. आज मी सापांवर लिहिणार आहे. त्यातही सापांच्या रंगांवर, आणि त्या रंगांच्या किमतीवर. दचकू नका. हा विषय आपल्या घरांत शिरलाय, म्हणूनच लिहितेय.

झालं असं. माझी धाकटी नणंद दारव्ह्याला असते. तिचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आईकडे १ लाख ६० हजार रुपये मागितले. बॉल पायथन नावाच्या परदेशी अजगराच्या पिल्लांची एक जोडी घ्यायची, ती वाढवायची, तिची पिल्लं विकायची आणि शिक्षण संपेपर्यंत पैसे दुप्पट-तिप्पट करायचे, असा त्याचा बेत. विकणारा मोबाइलवरच भेटलेला. नणंदबाई एफडी मोडायला निघालेल्या, पण त्याआधी मला फोन केला. "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलंत. तो काय हेट-बिट म्हणतो, मला एक अक्षर कळत नाही. जरा बघता का?"

मी बघितलं. नववी-दहावीच्या शिकवण्या घेताना आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी शिकवायचे, त्यामुळे पाया होता. बाकीचं भाच्यालाच विचारत गेले आणि वाचत गेले. माझं मत आधीच सांगून टाकते: हा व्यवहार करू नये. पण "शी, साप!" हे त्याचं कारण नव्हे. मुलं त्या कारणावर हसतात आणि बरोबरच हसतात. ज्यांच्या मंदिरात पार्श्वनाथ भगवंतांच्या मस्तकावर नागफणा आहे, ज्यांनी लहानपणी चंडकौशिकाची गोष्ट ऐकली, त्यांनी सापाला शी म्हणायचं? कारण वेगळं आहे, आणि ते समजायला थोडा हिशोब मांडावा लागतो. वही-पेन घेऊन बसलात तरी चालेल.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसा अजगर. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. तीन ते पाच फूट लांब, बिनविषारी, लाजाळू. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून बॉल. आपल्या टिपेश्वरच्या जंगलात सापडतो तो अजगर वेगळा. तो भारतीय अजगर, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्याला घरात ठेवण्याचा प्रश्नच नाही. आफ्रिकेतल्याचा मूळ रंग तपकिरी-काळा, त्यावर पिवळसर ठिपके. पण पाळणाऱ्यांनी त्यात हजारो रंगसंगती काढल्या आहेत: पिवळा-पांढरा अल्बिनो, मधेच पांढरे पट्टे असलेला पाइड, केशरी-पिवळा बनाना, पेस्टल, क्लाउन, मोहावी. साड्यांच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं. आमचं कापडाचंच दुकान आहे, त्यामुळे नावांची ही ऐट मला ओळखीची वाटली. नवीन प्रिंट आली की तिला एखादं झोकदार नाव द्यायचं आणि भाव दीडपट लावायचा!

आता जनुकांकडे येऊ. प्रत्येक गुणासाठी आपल्याकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. सापाचंही तसंच. अल्बिनो, पाइड आणि क्लाउन हे रंग 'अप्रभावी' जनुकामुळे येतात. म्हणजे दोन्ही प्रती त्या रंगाच्या असल्या तरच रंग दिसतो. एकच प्रत असेल तर साप अगदी साधा तपकिरी दिसतो, पण आत ते जनुक लपलेलं असतं. अशा सापाला बाजारात 'हेट' म्हणतात. आपण ज्याला वाहक म्हणतो तोच.

विदर्भातल्या बाईला हे समजावून सांगायला मला कधीच त्रास झाला नाही, कारण आपण सगळ्यांनी सिकलसेलबद्दल ऐकलेलं आहे. आशाताई घरोघरी येतात, शाळेत रक्त तपासतात. आई वाहक, वडील वाहक, दोघेही तब्येतीने ठणठणीत, आणि तरी मूल आजारी जन्मू शकतं. शक्यता चारात एक. चारात दोन वेळा मूल त्यांच्यासारखंच वाहक आणि चारात एकदा पूर्ण निरोगी. हेट नर आणि हेट मादीचा हिशोब तंतोतंत हाच. अंड्यांपैकी सरासरी चौथा हिस्सा रंगीत, अर्धी हेट, चौथा हिस्सा साधी.

आणि सिकलसेलमध्ये जी गैरसमजूत मी कितीदा ऐकली, तीच इथेही आहे. "पहिलं मूल आजारी झालं, म्हणजे आता पुढची तीन चांगली." नाही हो! प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्याने निघते. आधीची चिठ्ठी पुढच्या चिठ्ठीला काही सांगून जात नाही. सापाच्या प्रत्येक अंड्याचंही तसंच. भाच्याने कागदावर मांडलं होतं, "सहा अंडी, म्हणून दीड पाइड, म्हणजे कमीत कमी एक तर नक्की." मी त्याला म्हटलं, नक्की कुठून आलं? एका अंड्यातून पाइड न निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांश. सहाही अंड्यांतून न निघण्याची शक्यता काढायला तीन-चतुर्थांशाला सहा वेळा गुण. त्याने कॅल्क्युलेटर काढला. जवळजवळ १८ टक्के आलं. म्हणजे साधारण दर सहा वेळांत एकदा, वर्षभर वाट पाहून, सगळी पिल्लं तपकिरीच. दोन अप्रभावी रंग एकत्र हवे असतील, अल्बिनो आणि पाइड दोन्ही, तर सोळात एक. तिथे सहा अंड्यांतून काहीच न मिळण्याची शक्यता ६८ टक्के येते. हा मुलगा इंजिनिअरिंगला गणितात नव्वदच्या वर मार्क घेतो. पण स्वतःच्या पैशाचं गणित करताना सरासरीलाच खात्री समजला. हे फक्त त्याचंच होत नाही म्हणा.

दुसऱ्या प्रकारचे रंग समजायला अंगणातली गुलबाक्षी बघा. लाल आणि पांढऱ्या गुलबाक्षीचा संकर केला तर फुलं गुलाबी येतात. म्हणजे एका प्रतीने अर्धा रंग, दोन प्रतींनी पूर्ण. पेस्टल आणि मोहावी हे असे आहेत. एक प्रत असली की साप थोडा उजळ दिसतो. दोन असल्या की 'सुपर' म्हणतात. दोन मोहावींची पिल्लं काढली तर त्यातलं सरासरी चौथं पिल्लू चक्क पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं निघतं. आईबाप दोघे तपकिरी आणि पोर पांढरं. हे पहिल्यांदा फोटोत पाहिलं तेव्हा मीही थक्क झाले, खोटं कशाला बोलू. निसर्गाची करामत आहेच ती. बनाना रंगाची गंमत अजून वेगळी. त्याचं जनुक नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे बनाना नराला तो रंग आईकडून मिळाला असेल तर त्याच्या बनाना पिल्लांत माद्या जास्त निघतात, वडिलांकडून मिळाला असेल तर नर जास्त. भाचा हे सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला त्याची शिकवणी घ्यावीशी वाटली, रागवावंसं नाही.

इथपर्यंत विज्ञान. आता किंमत.

जाहिरातीत '१०० टक्के हेट', '६६ टक्के हेट', '५० टक्के हेट' असं लिहिलेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, हा शुद्धतेचा आकडा आहे, सोन्याच्या कॅरेटसारखा. तसं अजिबात नाही. साप ६६ टक्के वाहक असूच शकत नाही. तो एकतर वाहक असतो किंवा नसतो. दोन हेटच्या पिल्लांपैकी रंगीत पिल्लू बाजूला काढलं की जी तपकिरी उरतात, त्यात तीनांत दोन हेट असतात आणि एक साधं. कोणतं कोणतं, ते नजरेला कळत नाही. म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी लावायची, ६६ टक्के. हेट आणि साध्या सापाची पिल्लं असतील तर निम्मी हेट, म्हणून ५० टक्के. आईबापांपैकी एक जण स्वतः रंगीत असेल, तरच पिल्लू १०० टक्के हेट.

म्हणजे बघा, हेट पिल्लाला जी जास्तीची किंमत आपण मोजतो, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची. विकणारा म्हणतो म्हणून ती आहे. ती खरी की खोटी हे कळायला मादी वयात येईपर्यंत थांबा. त्याला साधारण तीन वर्षं लागतात. मग अंडी, मग दोनेक महिने उबवण. तोवर विकणाऱ्याचा फोन लागतो का बघा.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. कापसाचं बियाणं असंच असतं. पिशवीतली सरकी बघून तिच्यात काय आहे ते कळत नाही, पऱ्हाटीला बोंडं लागली की कळतं, तेव्हा हंगाम गेलेला असतो. म्हणून तर दर जूनमध्ये बोगस बियाण्याच्या बातम्या, 'चोर बीटी'च्या धाडी. पण तिथे निदान पिशवीवर लॉट नंबर असतो, बीटी बियाण्याची कमाल किंमत सरकार ठरवतं, पावती असेल तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. भाच्याला म्हटलं, तुझ्याकडे काय असणार आहे? म्हणाला, "मामी, त्यांचे तीस हजार फॉलोअर्स आहेत."

मान्य करू की विकणारा प्रामाणिक आहे. जगात असे पुष्कळ असतील. तरी मूळ प्रश्न राहतोच, हा भाव टिकतो का?

बंदिस्त जागेत पैदास केलेला पहिला अल्बिनो बॉल पायथन अमेरिकेत १९९२ साली निघाला. पाइडचा रंग आनुवंशिक आहे हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. त्या काळात असे साप हजारो डॉलरना जात. आज तिथे साधं तपकिरी पिल्लू शंभर डॉलरच्या आत मिळतं, आणि एकेकाळचा दुर्मिळ अल्बिनो कुठल्याही प्रदर्शनात ढिगाने दिसतो. कोणी कट केला नाही, कोणी फसवलंही नाही. रंगाने स्वतःच स्वतःचा भाव पाडला. एक अल्बिनो नर घ्या. त्याला पाच साध्या माद्या दिल्या, प्रत्येकीने सहा अंडी घातली, तर एका वर्षात तीस वाहक. ते वयात आले की त्यांच्यातून अल्बिनो. पुढच्या पिढीत मोजायला वही पुरत नाही. किंमत असते दुर्मिळपणाची आणि धंदा असतो दुर्मिळपणा संपवण्याचा. जो तो पिल्लं काढायलाच घेतोय. मग वरच्या भावात राहायला दरवर्षी नवा रंग, नवी जोडणी, तीन-तीन चार-चार जनुकं एकात. आमच्या दुकानात दिवाळीला आलेली प्रिंट होळीला सेलमध्ये जाते, पण कापडाला निदान कापडाची किंमत असते. शेवटी गोधडी तरी शिवता येते.

सोन्याच्या बांगडीची घडाई गेली तरी सोनं उरतं. इथे रंगाची फॅशन गेली की हातात उरतो एक जिवंत साप, जो वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय ६२ च्या आसपास धरलं होतं! तुम्हीच सांगा, मुलगा एमएसला जर्मनीला गेल्यावर साप कुठे जाणार? दारव्ह्याला. आईकडे.

महाराष्ट्राने हा खेळ आधी पाहिलेला आहे, फक्त प्राणी वेगळे होते. आधी इमू आले. जोडी घ्या, पिल्लं आम्हीच परत घेऊ, म्हणाले. पिल्लं विकत घेणारे होते पुढचे इमूवाले, आणि जेव्हा पुढचे संपले तेव्हा पक्षी उपाशी राहिले, काहींनी रानात सोडून दिले. मग कडकनाथ. आतून-बाहेरून काळी कोंबडी, आणि तो काळेपणाही जनुकाचाच. म्हणजे तिथेही भाव रंगालाच होता. २०१९ मध्ये सांगली-इस्लामपूर भागातून तो घोटाळा बाहेर आला आणि राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकल्याचं कळलं. आपण कोंबड्या पाळत नाही, त्यामुळे तेव्हा पेपर वाचून बाजूला ठेवला असेल. पण साखळी तीच आहे. अंडी खाण्यासाठी, मांसासाठी निदान शेवटचं गिऱ्हाईक तरी होतं. शोभेच्या सापाला शेवटचं गिऱ्हाईक कोण? तीन-चार फुटांची काचेची पेटी, तापमान सांभाळायची यंत्रणा, आपला ४५ अंशांचा वैशाख आणि वीज गेली की धावाधाव. किती घरांत हे होणार?

आता ती गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त लागली.

स्पायडर नावाचा एक रंग आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा, फार देखणा. १९९९ मध्ये आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एका सापापासून हे सगळे स्पायडर निघाले. पण ज्याच्यात हे जनुक, त्याचा तोल बिघडलेला. कोणाचं डोकं हलत राहतं, कोणी मान पिळल्यासारखी करून उलटा होतो, भक्ष्यावर झेप घेताना चुकतो. कुणात कमी, कुणात जास्त. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी स्कॅन करून दाखवलं की या सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाची, घडणच सदोष असते. रंग आणि दोष एकाच जनुकात, एक घेऊन दुसरा टाकता येत नाही. हे पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षं डोळ्यांनी दिसत होतं. तरी पैदास चालू राहिली, कारण जाळी सुंदर दिसते. सिकलसेलचा वाहक आपण शोधतो तो मूल आजारी होऊ नये म्हणून. इथे आजाराचं जनुक माहीत असून मुद्दाम पुढे नेतात, आणि वर त्याचे पैसे घेतात.

भाच्याने सांगितलं, "मी स्पायडर घेणारच नव्हतो, मामी." खरं आहे, त्याच्या यादीत तो नव्हता. तो पोरगा वाईट नाही. घरात झुरळ निघालं तर पेल्यात धरून बाहेर सोडणारा तो. पण त्याच्या यादीतल्या जोडीचा खाण्याचा हिशोब त्याने केलेला नव्हता, तो मी केला. अजगर दूध पीत नाही, भाजी खात नाही, कुठलंही पीठ-पावडर खात नाही. पूर्ण उंदीर, जिवंत किंवा मारून गोठवलेला, एवढंच. वाढीच्या वयात आठवड्याला एक धरा. दोन साप, तीन वर्षं, ३१२ उंदीर. पहिलं अंडं दिसायच्या आधी. आणि अंड्यांतून जी साधी तपकिरी पिल्लं निघतील, ज्यांना गिऱ्हाईक नाही, तीही खाणारच. जंगलातला अजगर उंदीर खातो, तो त्याचा आहार, त्यात आपलं काही नाही. इथे उंदीर विकत आणणारा हात आपला असतो, आणि तो आणतो नफ्यासाठी. माझ्या नणंदेच्या घरी कांदा-लसूण येत नाही. तिच्या फ्रीजमध्ये काय ठेवायची वेळ येईल हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही.

श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे, कर्मादान, आपल्या शास्त्रात सांगितले आहेत. पाठशाळेत पाठ केले असतील. त्यात असतीपोषण आहे. उत्पन्नासाठी मांजर, कुत्रे, पोपट, कोंबड्या पोसणं त्यात येतं. केशवाणिज्य आहे, म्हणजे केसाळ जिवांचा व्यापार. भाचा लगेच म्हणाला, "सापाला केस कुठे असतात?" वकिली करायला हवी होती याने! हसले मी, पण असतीपोषणावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला नवल याचं वाटतं की एवढ्या जुन्या काळी कोणीतरी बसून विचार केला होता: प्राणी पाळणं वेगळं आणि प्राण्याच्या पोटावर आपलं पोट भरणं वेगळं.

एक मुद्दा मात्र त्याचा ऐकण्यासारखा होता. म्हणाला, "घरात पैदास झाली तर जंगलातून पकडायची गरज उरत नाही, मग साप वाचतात." अर्धं खरं आहे. पण इतकी वर्षं इतकी पैदास होऊनही आफ्रिकेतून त्यांना पकडणं थांबलेलं नाही, आणि जागतिक यादीत बॉल पायथन आज 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे. नवा रंग शोधायला पुन्हा जंगलाकडेच बघतात ना. आणि आपल्याकडे येतो तो कसा? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत ११ साप सापडले. त्यातले नऊ बॉल पायथन होते. बिस्किटाच्या पुड्यात कोंबून विमानाचा प्रवास. किती वाटेत मरत असतील याचा विचार करवत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण विकणारे "परदेशी साप आहे, आपला कायदा लागू नाही" असं बिनधास्त सांगतात. तसं आता राहिलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून तो या कायद्याखाली येतो. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. हात बदलला तर नोंद, पिल्लं झाली तर नोंद, मेला तर नोंद.  म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न रंगाचा विचारू नका. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. दुसरा प्रश्न, आईबापांचे फोटो आणि त्यांचे कागद. भाच्याने माझ्यासमोर हे दोन प्रश्न टाइप करून पाठवले. समोरून उत्तर आलं, "सिरियस बायर असाल तरच मेसेज करा."

नणंदबाईंनी एफडी मोडली नाही. भाचा दोन दिवस गप्प होता. त्याला मी म्हटलं, रंगाचं वेड सोडू नकोस, फक्त साप विकत घेऊ नकोस. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अल्बिनो बॉल पायथनचं जनुक शोधून काढलं ते सापांना हात न लावता, लोकांनी पाठवलेल्या कातींवरून. सापाने टाकून दिलेली कात! इतकं अहिंसक विज्ञान मी तरी ऐकलं नव्हतं. आणि आमच्या मागच्या अंगणात लाल आणि पांढरी, दोन्ही गुलबाक्षी आहेत. पावसाळ्यात सुट्टीला आलास तर कळी उमलायच्या आधी परागकण काढायचे कसे ते दाखवते, पुढच्या वर्षी मोजून काढ किती गुलाबी निघाली. तो 'बघू' म्हणाला. पुण्यात सर्पमित्रांच्या एका गटाबरोबर रविवारी जायला लागलाय, असं परवा नणंद सांगत होती. त्याचीही तिला काळजी आहेच, पण ती वेगळी काळजी.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी हा साप आधीच आलेला असेल, मुलगा घेऊन आला असेल आणि तुम्हाला आज कळलं असेल, तर घाबरून त्याला नाल्यात किंवा टिपेश्वरच्या बाजूला सोडून येऊ नका. पुण्य समजून तर मुळीच नको. तो इथला नाही. आपल्या उन्हाळ्यात आणि थंडीत तो बहुधा मरेल, आणि जगलाच तर त्याच्या अंगावरचा एखादा रोग किंवा गोचीड आपल्या अजगरांना देईल. मोठ्या टोपलीत किंवा झाकणाच्या, भोकं पाडलेल्या डब्यात सावलीत ठेवा, पाण्याची वाटी ठेवा, काही दिवस खाल्लं नाही तरी त्याला काही होत नाही. आणि वनविभागाला फोन करा. 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर १९२६ आहे.